रंगाआड दडलेली ओळख : बिशप हीली आणि फादर टोल्टन

अमेरिकेतील ख्रिस्तसभेचे पहिले कृष्णवर्णीय बिशप हा मान आज जेम्स ऑगस्टिन हीली यांना दिला जातो. परंतु १८७५ साली ते पोर्टलँड धर्मप्रांताचे बिशप झाले, तेव्हा समाज त्यांना आयरिश वंशाचे म्हणूनच ओळखत होता. यामागील कारण आपण समजून घेणे अगत्याचे आहे.

हीली यांचा जन्म १८३० साली जॉर्जिया राज्यात झाला. वडील आयरिश मळेवाले, तर आई मिश्रवंशीय गुलाम स्त्री होती. आईची गुलामगिरी कायद्याने मुलांकडे येत असे. म्हणून वडिलांनी मुलांना शिक्षणासाठी उत्तरेकडे धाडले. आयरिश आडनाव आणि उजळ कांती यांमुळे ही भावंडे गौरवर्णीयांत मिसळून गेली. जेम्स यांना १८५४ मध्ये पॅरिस येथे गुरुदीक्षा मिळाली. त्यांचे बंधू येशूसंघीय फादर पॅट्रिक हे १८७४ ते १८८२ या काळात जॉर्जटाउन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्याच विद्यापीठाची दारे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंद होती.

जेम्स यांच्या गुरुदीक्षेच्या वर्षीच मिझुरी राज्यात ऑगस्टस टोल्टन गुलाम म्हणून जन्मास आले. त्यांचा वर्ण लपण्यासारखा नव्हता. अमेरिकेतील एकाही सेमिनरीने त्यांना प्रवेश दिला नाही. अखेर रोममध्ये शिक्षण घेऊन १८८६ साली ते धर्मगुरू झाले. मायदेशी त्यांना विरोध सोसावा लागला. शिकागोतील गरीब कृष्णवर्णीयांची सेवा करीत १८९७ मध्ये, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

दोघेही गुलाम मातांचे पुत्र आणि दोघांनाही पाचारण एकाच प्रभूचे! फरक होता तो कातडीच्या छटेचा. हीली यांना आम्ही दोष देत नाही. गुलामगिरीच्या काळात ओळख उघड करून जन्मभूमीस परतणे म्हणजे स्वातंत्र्य पणाला लावणे होते. तथापि या सवलतीची किंमत इतरांनी मोजली. १८८९ पासून भरू लागलेल्या कृष्णवर्णीय कॅथलिकांच्या परिषदांपासून बिशप हीली दूरच राहिले. त्या बांधवांचा एक प्रतिनिधी बिशपपदी होता, पण त्याचा आधार त्यांना लाभला नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली फादर टोल्टन यांना ‘वंदनीय’ घोषित केले. २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांची निवड झाल्यावर त्यांच्या आजोळची कहाणीही प्रकाशात आली. त्यांच्या आईच्या आईवडिलांची नोंद १९०० च्या जनगणनेत न्यू ऑर्लिन्स येथे कृष्णवर्णीय, तर १९२० मध्ये शिकागो येथे गौरवर्णीय अशी आहे. माणसे तीच होती, केवळ शहर बदलले होते.

ओळख लपविल्यावरच जे पद मिळते, ते एका व्यक्तीला मोठे करते, अन्याय मात्र तसाच ठेवते. आपल्या धर्मग्रामांत नेतृत्व सोपविताना कोणास काही लपवावे लागते काय, याचा विचार आपण प्रार्थनापूर्वक करू या.