अडतीस विमानांचा मुक्काम

अमेरिकेतल्या मुलाकडून परतताना रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, मग समोरच्या पडद्यावर विमानाचा नकाशा बघत बसायचं. न्यूयॉर्क मागे पडलेलं असतं, अटलांटिक अजून सुरू व्हायचा असतो आणि मध्येच एक नाव दिसतं: गँडर. कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड नावाचं बेट आहे, त्यावरचं हे गाव. २००१च्या जनगणनेत इथली लोकसंख्या भरली ९,६५१. आपलं महाबळेश्वरसुद्धा याहून मोठं. तिथलं घड्याळ उरलेल्या कॅनडापेक्षा अर्ध्या तासाने वेगळं चालतं आणि हिवाळ्यात आपल्या बरोबर नऊ तास मागे असतं. मिनिटकाटा तेवढा मुंबईशी जुळतो.

एवढ्याशा गावाला जगाच्या नकाशावर जागा मिळाली ती लेओव्हरमुळे. पंख्याच्या विमानांना एका दमात अटलांटिक ओलांडणं जमत नसे. समोरून पश्चिमेचा वारा, टाकी मर्यादित. त्यामुळे आयर्लंडमधल्या शॅननहून उडायचं, सुमारे ३,२०० किलोमीटर समुद्र कापायचा आणि जमीन दिसली की गँडरला उतरून तेल भरायचं. ११ जानेवारी १९३८ रोजी इथे पहिलं विमान उतरलं, तेव्हा हा जगातला सगळ्यात मोठा विमानतळ मानला जाई. गाव नंतर वसलं, आधी धावपट्टी आली. न्यूफाउंडलंड तर कॅनडात सामील झालं ते थेट १९४९ साली. गावातल्या रस्त्यांना आजही लिंडबर्ग, इअरहार्ट अशी वैमानिकांची नावं आहेत.

मग इथे अस्सल सरकारी योग जुळून आला. थांबणाऱ्या प्रवाशांसाठी इथे झकपक आंतरराष्ट्रीय दालन बांधायला घेतलं. टेराझोची फरशी, त्या काळचं अत्याधुनिक फर्निचर, भिंतीवर केनेथ लॉकहेड या चित्रकाराचं ७२ फूट लांबीचं भित्तिचित्र. जून १९५९मध्ये राणी एलिझाबेथने त्याचं उद्घाटन केलं. पण त्याच्या आठ महिने आधी, ऑक्टोबर १९५८मध्ये, अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झालेली होती. पहिली काही जेट तेल भरायला गँडरला थांबली खरी, पण लवकरच नवी जेट डोक्यावरून थेट निघून जाऊ लागली. घर सजवून ठेवलं आणि पाहुण्यांनी वाटच बदलली. पुढची चाळीस वर्षं गँडरकडे गरजेपेक्षा फार मोठा विमानतळ पडून होता. ३,१०९ मीटर लांबीची धावपट्टी आणि तिच्यावर तुरळक वर्दळ. कोणत्याही हिशेबतपासनिसाने हा डोलारा बंद करा म्हणून शेरा मारला असता, आणि कागदावर त्याचं बरोबरच ठरलं असतं.

११ सप्टेंबर २००१, मंगळवार. न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर हल्ला झाला आणि अमेरिकेने आपलं सगळं आकाश बंद केलं. हवेत असलेली चार हजारांवर विमानं जवळच्या विमानतळावर उतरवायची होती. अटलांटिकच्या मध्यावर असलेल्यांचं काय? ज्यांना तेलाच्या हिशेबाने युरोपात परतता येत होतं ती परतली. उरलेली २००हून जास्त विमानं कॅनडाने आपल्याकडे घेतली. त्यांत ३३,०००हून जास्त माणसं होती, आणि त्या दिवशी कोणत्या विमानात काय असेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. त्यांतली ३८ प्रवासी विमानं गँडरच्या वाट्याला आली. नाकाला शेपूट लावून एका रांगेत उभी केली असती तर दोन किलोमीटरच्या पुढे रांग गेली असती. पडून राहिलेला तो अवाढव्य विमानतळ त्या दिवशी पुरला.

विमानांतून उतरली सुमारे ६,६०० माणसं, नव्वदहून जास्त देशांची. म्हणजे दर तीन गावकऱ्यांमागे दोन पाहुणे. हेच प्रमाण मुंबईला लावून बघा. २०११च्या जनगणनेप्रमाणे मुंबईत सव्वा कोटी माणसं, म्हणजे एका दुपारी ८५ लाख पाहुणे दारात. यावर पंढरपूरकर हसतील. लाखभर वस्तीच्या त्यांच्या गावात आषाढीला दहा-दहा लाख वारकरी येतात. खरं आहे, पण एकादशी पंचांगात असते, दिंड्या आपापला शिधा घेऊन निघतात आणि मठ-धर्मशाळा पिढ्यान्‌पिढ्या त्यासाठीच उभ्या आहेत. गँडरला पूर्वसूचना मिळाली ती जेमतेम काही तासांची, आणि आलेल्यांच्या हातात फक्त केबिनमधली पिशवी. मोठं सामान सुरक्षेच्या कारणाने विमानाच्या पोटातच राहिलं. अंगावरच्या कपड्यांनिशी ६,६०० माणसं!

उतरणंही सोपं नव्हतं. एकेक विमान रिकामं करायचं, प्रत्येकाची तपासणी करायची. बेव्हर्ली बास ही अमेरिकन एअरलाइन्सची पहिली महिला कॅप्टन. तिचं बोइंग ७७७ गँडरला उतरलेलं ३६वं विमान. पॅरिस सोडल्यापासून २८ तासांनी तिच्या प्रवाशांना विमानाबाहेर पाऊल टाकता आलं.

आता व्यवस्था. गावातल्या हॉटेलांच्या खोल्या सुमारे ५००. त्या वैमानिक आणि कर्मचाऱ्यांना दिल्या, कारण विमान पुन्हा उडवायचं तर त्यांची झोप नीट व्हायला हवी. बाकीच्यांसाठी शाळा, चर्च, क्लब, सभागृहं उघडली. तरी जागा पुरेना, म्हणून लुइसपोर्ट, गॅम्बो, अ‍ॅपलटन, ग्लेनवूड, नॉरिस आर्म या आसपासच्या गावांनी माणसं वाटून घेतली. न्यायला बस हव्यात, तर शाळेच्या बसचालकांचा नेमका संप चालू होता. त्यांनी फलक खाली ठेवले आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.

जेवणाचा हिशेब तर कोणत्याही आचाऱ्याला घाम फोडणारा आहे. ६,६०० माणसं, तीन वेळा खाणं, म्हणजे रोज जवळजवळ २०,००० पानं. घराघरांतून शिजवलेलं आलं, पण ते ठेवायचं कुठे? एवढं मोठं फ्रीज गावात एकच होतं, ते म्हणजे आइस हॉकीचं मैदान. बर्फाच्या त्या चौकात अन्नाचे खोके रचून ठेवले. कोणाची रक्तदाबाची गोळी सामानात अडकलेली, कोणाचं इन्सुलिन. गावातले औषधविक्रेते जगभरच्या डॉक्टरांना फोन लावून कोणत्या देशातलं कोणतं नाव म्हणजे इथलं कोणतं औषध हे शोधत बसले होते. टेलिफोन कंपनीने रस्त्यावर टेबलं मांडून फुकट फोन जोडून दिले. विमानांच्या पोटात कुत्री-मांजरी होती, आणि प्राणिसंग्रहालयाकडे निघालेली बोनोबो जातीची वानरांची एक जोडीसुद्धा. त्यांचीही सोय झाली.

एरवी आपण लेओव्हरचा विचार किती काटेकोर करतो! कॅनडातून पुढे जायचं असलं तरी भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. ४८ तासांच्या आतला ट्रान्झिट व्हिसा फुकट मिळतो. टोरोंटोत आठ तास मिळाले आणि बाहेर पडायचा व्हिसा असला, तर विमानतळावरून यूपी एक्सप्रेस २५ मिनिटांत युनियन स्टेशनला सोडते. तिथून चालत गेलं की ५५३ मीटर उंचीचा सीएन टॉवर. वर जा, सरोवर बघा, दोन तास हाताशी ठेवून परत या. हे सगळं मी आनंदाने सुचवेन. गँडरला उतरलेल्यांकडे मात्र वेळापत्रकच नव्हतं. पहिली विमानं १३ तारखेला निघाली, शेवटची १६ला. सरासरी चार दिवस धरले तर ६,६०० माणसांचे मिळून २६,४०० दिवस, म्हणजे ७२ वर्षं. एका माणसाचं अख्खं आयुष्य त्या गावात थांबून राहिलं होतं.

त्या दिवसांत काय केलं लोकांनी? टीव्हीसमोर बसून रडले, घरी फोन लावले. मग हळूहळू अनोळखी घरांत आंघोळीला गेले, जंगलात फिरले. स्थानिक रिवाजाप्रमाणे स्क्रीच नावाची रम पिऊन कॉड माशाचा मुका घेतला आणि मानद न्यूफाउंडलंडकर झाले. एक इंग्रज गृहस्थ आणि टेक्सासची एक बाई तिथेच भेटले आणि पुढच्या वर्षी लग्न करून मधुचंद्राला पुन्हा न्यूफाउंडलंडलाच आले. टोरोंटोच्या आयरीन सँकॉफ आणि डेव्हिड हाइन या जोडप्याने यावर रचलेली संगीतिका ‘कम फ्रॉम अवे’ मार्च २०१७मध्ये ब्रॉडवेवर आली आणि तिचे १,६६९ प्रयोग झाले. लुफ्थान्साने आपल्या एका एअरबसचं नाव ‘गँडर-हॅलिफॅक्स’ ठेवलं.

निघताना लोक पैसे देऊ लागले, पण यजमान घेईनात. लुइसपोर्टला राहिलेल्या डेल्टाच्या १५ क्रमांकाच्या विमानातल्या प्रवाशांनी यावर तोड काढली. परतीच्या उड्डाणातच, हवेत असताना, लुइसपोर्टच्या मुलांच्या कॉलेज शिक्षणासाठी वर्गणी जाहीर केली. त्या शिष्यवृत्तीवर पुढे शेकडो मुलं शिकली, आणि नंतरच्या तुकड्यांतली बरीचशी अशी, की जी त्या मंगळवारी शाळेतही जात नव्हती.