पिक्चर ट्यूबमधले शिसे

गेल्या महिन्यात माळ्यावरचा जुना रंगीत दूरदर्शन संच खाली काढला, तेव्हा दारावर आलेला भंगारवाला त्याची पाठ न्याहाळून म्हणाला, "काका, इथंच फोडतो. तांबं मी नेतो, काच तुम्ही कचऱ्यात टाका." त्याच्या धंद्याच्या हिशोबाने त्यात वावगे काहीच नव्हते, कारण पिक्चर ट्यूबच्या मानेभोवती असलेल्या तांब्याच्या वेटोळ्याला बाजारात भाव येतो आणि काचेला कोणी हात लावत नाही. परंतु जिला कवडीची किंमत नाही त्या काचेतच या यंत्राचे विष साठलेले असते, आणि ते तेथे का घातले गेले याची हकीकत मोठी विचार करायला लावणारी आहे.

1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि पुढे घरोघर जी नळी आली, तिच्यात वीस ते पंचवीस हजार व्होल्टच्या दाबाने धावणारे इलेक्ट्रॉन पडद्यावर आदळत, आणि त्या आघातातून प्रकाशाबरोबर क्ष-किरणही उत्पन्न होत. ते बाहेर पडू नयेत म्हणून नळीच्या मागच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत 20 ते 25 टक्के लेड ऑक्साइड मिसळीत. दर्शनी काच मात्र शिशाने काळवंडते, म्हणून तेथे बेरियम आणि स्ट्राँशियम यांची योजना होई. ज्या शिशाने आमच्या मुलांचे वर्षानुवर्षे रक्षण केले, तेच काच फुटून कचराडेपोत गेल्यावर तेथील आम्लयुक्त पाण्यात हळूहळू झिरपू लागते, आणि मुलांच्या वाढत्या मेंदूला शिशाची कितीही अल्प मात्रा निर्धोक म्हणता येत नाही. शिवाय नळीच्या आत निर्वात पोकळी असल्याने हातोडा बसताच काच प्रथम आत कोसळते आणि मग तिचे तुकडे चहूकडे उडतात. पडद्याच्या आतील रसायनांची भुकटी फोडणाऱ्याच्या छातीत जाते ती वेगळीच.

तांब्यासाठी जाळलेल्या प्लॅस्टिकच्या तारांतून डायऑक्सिन हवेत मिसळतात. सोन्यासाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवणाऱ्या कारागिराच्या नाकातोंडात त्या आम्लाच्या वाफा जातात. या माणसाला दोष द्यावा असे मला मुळीच वाटत नाही. जुनी वस्तू घराघरांतून गोळा करण्याचे कसब भंगारवाल्याइतके दुसऱ्या कोणाजवळ नाही, आणि पुण्यात 1993 साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने व तिच्यातून उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने हे कसब सन्मानाने कसे राबवता येते याचे उदाहरण घालून दिले आहे. चुकते ते पुढच्या टप्प्यावर, वस्तू फोडली जाते तेथे.

कायद्याची तजवीज आहे. 1 एप्रिल 2023 पासून अमलात असलेल्या नियमांनुसार, बाजारात संच आणणाऱ्या उत्पादकावरच त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी आहे आणि पुनर्चक्रण करणाऱ्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. अशा कारखान्यात नळीची दर्शनी काच आणि मागचा शिसेयुक्त भाग उष्ण तारेने किंवा करवतीने विलग करून शिशाची काच धातू गाळणाऱ्या भट्टीकडे पाठवता येते. मात्र नळी तेथपर्यंत शाबूत पोहोचली तरच! म्हणून संच आहे तसा, झाकण न उघडता सुपूर्त करावा. मोबाइल देण्यापूर्वी त्यातील माहिती पुसावी. सुट्या लिथियम बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या वेगळ्या द्याव्यात, कारण दाबल्या गेल्या तर त्या पेट घेतात. आणि नेणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारून पावती घ्यावी.

आमचा संच न्यायला नोंदणीकृत केंद्राची गाडी आली, तेव्हा त्याच भंगारवाल्याला मी हमाली देऊन बोलावले. त्याने आणि चालकाने मिळून, जड पडदा छातीकडे धरून, एकेक पायरी चाचपत संच उतरवला आणि गाडीत जुन्या गोधडीवर ठेवला. तांब्याचे वेटोळे जागच्या जागी होते.