नांदेडची कपाशी

गोदावरीच्या काठची काळी, कसदार जमीन ही कपाशीची जुनी भूमी होय. निजामाच्या राज्यात नांदेड ही कापसाची मोठी बाजारपेठ होती आणि येथली ‘गावरानी’ कपाशी दूरवर प्रसिद्ध होती. पावसाने ओढ दिली तरी गावरानीचे झाड तग धरून राही. देशी कपाशीत तिचा धागाही चांगला मानला जाई. परंतु तिची बोंडे लहान असत व उत्पन्न बेताचे येई. अमेरिकन कपाशीची बोंडे मोठी, पण तुडतुडे तिच्या पानांतील रस शोषून घेत. भरपूर पिकावी आणि कोरडवाहू रानातही टिकावी, अशी कपाशी शेतकऱ्याला हवी होती.

निरनिराळ्या वाणांचे गुण एकत्र आणण्यासाठी त्यांचा संकर करतात. सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली ‘एच-४’ ही संकरित कपाशी तयार केली. शेतात प्रत्यक्ष लावली गेलेली जगातील ही पहिली संकरित कपाशी. पुढे १९८० नंतरच्या दशकात नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने ‘बी. एन. १’ व ‘ए. सी. ७३८’ या दोन अमेरिकन वाणांपासून एक संकरित वाण दिला. तोच ‘नांदेड ४४’. तुडतुड्यांना तो सहजासहजी बळी पडत नसे आणि पहिला बहर वाया गेला तरी पुन्हा फुलोऱ्यावर येई.

असे बी तयार होते ते मात्र मोठ्या कष्टाने. कपाशीच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून उद्या उमलणारी कळी आज सायंकाळी हेरावी लागते. अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या व पुंकेसर अलगद सोलून काढतात. आतील स्त्रीकेसराला ओरखडाही उठता कामा नये. मग तिच्यावर कागदाची लहान पिशवी चढवितात. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, नर वाणाचे ताजे फूल आणून त्याचे पराग त्या स्त्रीकेसरावर हळूच लावतात. एवढ्या खटाटोपातून एक बोंड मिळते आणि त्यात सुमारे २५ ते ३० सरक्या! एका शेताला पुरेल इतके बी जमविण्यास किती कळ्या सोलाव्या लागत असतील, याचा हिशेब कोणीही करून पाहावा. टोमॅटो व वांगी यांचे संकरित बी असेच हातांनी करतात. लातूरकडच्या सूर्यफुलाचे तसे नाही. त्याच्या एका चकतीत शेकडो इवली फुले असतात; तेथे नख कसे चालणार? म्हणून ज्या वाणात परागच धरत नाहीत, असा वाण मादी म्हणून लावतात आणि पुढचे काम मधमाश्या करतात.

संकरित बियाण्यात एक उणीव आहे. त्याच्या पिकातील सरकी पुढल्या वर्षी पेरली, तर आईबापांचे गुण पुन्हा विखुरतात. काही झाडे उंच, काही खुजी निघतात आणि उत्पन्न घटते. गावरानीची सरकी शेतकरी घरच्या कणगीत राखून ठेवी. संकरित बी त्याला दरवर्षी विकत घ्यावे लागते, मग पाऊस पडो वा न पडो.

२००२ साली भारतात बी. टी. कपाशीला परवानगी मिळाली. एका जिवाणूचे जनुक तिच्यात घातलेले असल्याने बोंडअळी तिला खाऊन मरे. नांदेड ४४ मध्ये तेव्हा हा गुण नव्हता, म्हणून तो मागे पडला. पुढे त्यातही ते जनुक घालण्यात आले. मात्र काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी त्या विषालाही जुमानेनाशी झाली.

इकडे परभणीच्या कृषी विद्यापीठाने देशी कपाशीचाच धागा लांब करण्याचे काम हाती घेतले. ‘पी. ए. २५५’ व ‘पी. ए. ४०२’ हे लांब धाग्याचे देशी वाण त्यातूनच निघाले. हे वाण संकरित नाहीत. त्यांची निवडक सरकी शेतकऱ्याला पुढल्या पेरणीसाठी घरीच ठेवता येते.