पाठीवरचे घर

गोगलगाय आपले घर पाठीवर घेऊन हिंडते. अमेरिकेत काही माणसेही तसाच प्रवास करतात. तेथे 'पिकअप' नावाचा लहान ट्रक फार लोकप्रिय आहे. त्याला पुढे चालकाची खोली आणि मागे उघडा हौदा असतो. या हौद्यात एक छोटेसे तयार घर बसवितात. त्याला 'कॅम्पर' असे म्हणतात. त्यात बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी अशा सर्व सोयी असतात.

१९६० साली जॉन स्टाइनबेक हे प्रसिद्ध अमेरिकन लेखक अशाच गाडीतून आपला देश पाहावयास निघाले. सोबतीला चार्ली नावाचा कुत्रा होता. सामान मात्र त्यांनी फार घेतले. नुसती पुस्तकेच दीडशे पौंड, म्हणजे सुमारे ६८ किलो! पुढे ऑरेगन राज्यात, रविवारी भर पावसात, गाडीचा मागचा एक टायर फुटला. दुसऱ्याचाही भरवसा उरला नाही. एका भल्या माणसाने शोधाशोध करून अधिक भार पेलणारे टायर मिळवून दिले, तेव्हा कोठे प्रवास पुढे सुरू झाला.

अशी वेळ येऊ नये म्हणून काय करावे? प्रथम वजन जाणावे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी लावलेली असते. गाडी, माणसे व सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, हे तीवर लिहिलेले असते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो भार, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. म्हणून सर्व सामान भरून गाडी वजनकाट्यावर नेणे, हाच खरा उपाय होय.

घराचा भार हौद्यावरून पाट्यांवर, पाट्यांवरून आसावर, आसावरून चाकांवर आणि शेवटी रस्त्यावर उतरतो. ही एक साखळीच आहे. आणि साखळीचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकेच असते. टायर किती भार सोसेल, हे त्याच्या कडेवर छापलेले असते. कमी पडल्यास अधिक बळकट टायर घालावे व त्यांत योग्य दाबाची हवा भरावी. मागचा भाग खाली दबत असेल, तर जादा पाटे घालतात किंवा आसावर हवेच्या पिशव्या बसवितात. उंच घरामुळे गाडी वळणावर झुकते. ते झुकणे कमी करण्यासाठी खालून एक जाड पोलादी दांडा जोडतात.

भार कोठे पडतो, यालाही महत्त्व आहे. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले, की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. पिकअपचेही तसेच आहे. घराचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या मागे गेला, तर पुढची चाके हलकी होतात आणि गाडी नीट वळत नाही. म्हणून तो आसाच्या थोडा पुढे असावा लागतो. शिवाय घर चारही कोपऱ्यांशी घट्ट आवळून बांधावे लागते.

आता एक प्रश्न विचारू. पाटे बळकट केले, तर पट्टीवर लिहिलेल्यापेक्षा अधिक वजन नेता येईल काय? नाही! पाटे बदलल्याने गाडी ताठ उभी राहील. परंतु तिचे ब्रेक, आस आणि सांगाडा पूर्वीचेच राहतील. उतारावर एकाएकी थांबण्याचा प्रसंग आला, म्हणजे ही उणीव कळून येते. गाडी ताठ दिसली म्हणून ती सुरक्षित झाली, असे मानणे हीच मोठी चूक होय. वजन मर्यादेबाहेर गेले, तर दोनच मार्ग उरतात : सामान कमी करावे किंवा मोठी गाडी घ्यावी.

गोगलगाय आपल्याला पेलेल एवढेच घर पाठीवर वाहते. घर घेऊन निघणाऱ्या माणसानेही तेवढे ध्यानात ठेवावे.

स्वाध्याय
१. गाडीचा भार कोणकोणत्या भागांवरून रस्त्यापर्यंत पोहोचतो?
२. पाटे बळकट करूनही वजनाची मर्यादा का वाढत नाही?