घरगुती फ्लाइट सिम्युलेटरचा उपकरण-फलक व पेटी : रचना, कार्य आणि शैक्षणिक मर्यादा

गोषवारा : संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटरला प्रत्यक्ष तबकड्या व कळा असलेला उपकरण-फलक जोडणे हा छंद म्हणून सुपरिचित आहे, महाविद्यालयीन प्रकल्प म्हणूनही तो उपयुक्त ठरू शकतो. प्रस्तुत लेखात अशा फलकाची मांडणी, काटे फिरविणारी यंत्रणा, पेटीची बांधणी आणि संगणकाशी जोडणी यांचे विवेचन केले आहे. फलकाचे शैक्षणिक मूल्य त्याच्या देखणेपणापेक्षा, उपकरणांतील बिघाड दाखविण्याच्या क्षमतेवर अवलंबून असते, असे प्रतिपादन लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : उपकरण-फलक, कृत्रिम क्षितिज, स्टेपर मोटर, सूक्ष्मनियंत्रक, पनवेल.

प्रस्तावना

पनवेल तालुक्यातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. एरवी पुस्तकातच भेटणारे विमानशास्त्र त्यामुळे या परिसरातील विद्यार्थ्यांच्या डोक्यावरून दररोज जाऊ लागले आहे. भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स व संगणकशास्त्र या तिन्ही विभागांना एकत्र आणणारा प्रकल्प म्हणून उपकरण-फलकाचा विचार येथे केला आहे.

सिम्युलेटरचा आरंभही कारखान्यातील अशाच जोडकामातून झाला. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वडिलांच्या वाद्यनिर्मितीच्या कारखान्यात, ऑर्गनच्या भात्यांचा उपयोग करून, डोलणारी शिकाऊ पेटी तयार केली. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी जिमी डूलिटल यांनी बाहेरचे काहीही न पाहता, केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण व अवतरण करून दाखविले. वैमानिकाने शरीराच्या संवेदनेपेक्षा तबकड्यांवर अधिक विश्वास ठेवावा, हे तत्त्व तेव्हापासून रुजले. परंतु एखादी तबकडीच खोटे सांगू लागली तर काय करावे, हा प्रश्न त्यातूनच निर्माण होतो.

मुंबईजवळील एक दुर्घटना

१ जानेवारी १९७८ रोजी रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझ विमानतळावरून दुबईकडे निघाले. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत ते वांद्र्यासमोरील समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. उजवीकडचे वळण पूर्ण करून विमान सरळ झाले, तरी मुख्य वैमानिकासमोरील कृत्रिम क्षितिज ते उजवीकडेच कललेले दाखवीत राहिले. समोर काळोखा समुद्र असल्याने खरे क्षितिज दिसत नव्हते. विमान डावीकडे कलविले गेले आणि ते कलतच गेले. एका उपकरणाच्या बिघाडानंतर इतर उपकरणांच्या आधारे विमान सावरता आले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. घरगुती फलक बांधताना ही घटना डोळ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे.

फलकाची मांडणी

लहान विमानांत सहा मूलभूत उपकरणे दोन ओळींत असतात. वरच्या ओळीत डावीकडून वेगदर्शक, कृत्रिम क्षितिज व उंचीदर्शक. खालच्या ओळीत वळणदर्शक, दिशादर्शक व ऊर्ध्ववेगदर्शक. वेग, उंची व ऊर्ध्ववेग ही उपकरणे हवेच्या दाबावर चालतात. उरलेली तीन भोवरायंत्रावर म्हणजे जायरोस्कोपवर. या विभागणीमुळे एका गटातील चूक दुसऱ्या गटाच्या साहाय्याने ओळखता येते. कृत्रिम क्षितिज विमान कललेले दाखवीत असेल आणि दिशादर्शक व वळणदर्शक स्थिर असतील, तर संशय क्षितिजावर घेतला पाहिजे. म्हणून उपकरणांची जागा बदलणे इष्ट नाही. नजर फिरविण्याची सवय त्या मांडणीवरच बसते.

प्रमाण उपकरणाचा व्यास ३ १/८ इंच, म्हणजे सुमारे ८० मिमी असतो. दोन केंद्रांत ९२ मिमी अंतर ठेवल्यास सहा तबकड्या २६४ × १७२ मिमी जागेत बसतात. १५ इंची जुन्या चौकोनी मॉनिटरचा दृश्य भाग सुमारे ३०४ × २२८ मिमी असतो. त्यामुळे छिद्रे पाडलेला पत्रा त्यापुढे बसवून चित्ररूप तबकड्या दाखविणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. पत्रा व पडदा यांतील अंतर मात्र शक्य तितके कमी ठेवावे. अन्यथा बाजूने पाहताना तबकडीची कड झाकली जाते.

काटे फिरविणारी यंत्रणा

प्रत्यक्ष काट्यांचा मार्ग कष्टाचा, परंतु अधिक शिकविणारा आहे. ऊर्ध्ववेगदर्शकासाठी सुमारे १८० अंश फिरणारी लहान सर्व्हो मोटर चालून जाते. वेगदर्शकासाठी मोटारगाड्यांच्या डॅशबोर्डमधील ३१५ अंश फिरणारी स्टेपर मोटर सोयीची पडते. वेगाच्या तबकडीवरील खुणा समान अंतरावर नसतात. म्हणून आठ-दहा वेगांसाठी काट्याचे कोन मोजून कोष्टक करावे व मधल्या किमती प्रमाणाने काढाव्यात.

उंचीदर्शकात या दोन्ही मोटरी अपुऱ्या पडतात. त्याचा मोठा काटा दर १००० फुटांना पूर्ण फेरा घेतो, तर लहान काटा १०,००० फुटांना. येथे अखंड फिरणारी स्टेपर मोटर, दहास एक या प्रमाणातील दातेरी चाके आणि शून्यस्थान ओळखणारा प्रकाशसंवेदक आवश्यक असतो. संवेदक नसल्यास वीज गेल्यावर काटा कोठे उभा आहे हे यंत्रणेला कळत नाही. याच उपकरणाला हवेचा दाब जुळविण्याची कळ असते. समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलचा फरक सुमारे २७ फुटांइतका असतो. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरील दाब १०१३.२५ या प्रमाण दाबापेक्षा कमी असतो. १० हेक्टोपास्कलची तफावत जुळविली नाही, तर विमान दाखविलेल्या उंचीपेक्षा सुमारे २७० फूट खाली असते. विद्यार्थ्याने ती कळ स्वतः फिरवून पाहिली की हे गणित वेगळे शिकवावे लागत नाही.

पेटी

पेटीचे काम तीन प्रकारचे असते : फलक स्थिर धरणे, उष्णता बाहेर सोडणे आणि दुरुस्तीसाठी हात आत जाऊ देणे. पनवेलच्या दमट हवेत एमडीएफच्या कडा फुगतात. त्याऐवजी आयएस ७१० प्रतीचे १२ मिमी मरीन प्लायवूड वापरावे आणि कापलेल्या कडांना सीलर लावावे. दर्शनी पत्रा ३ मिमी ॲक्रिलिकचा, निस्तेज काळ्या रंगाचा असावा; चकाकीमुळे तबकडी वाचता येत नाही. मागची बाजू बिजागऱ्यांवर उघडणारी ठेवावी. मॉनिटरच्या वर व खाली वायुवीजनाची छिद्रे ठेवावीत. मोटरींसाठी ५ व्होल्टचा स्वतंत्र, फ्यूज लावलेला पुरवठा द्यावा. सूक्ष्मनियंत्रकाचा आणि या पुरवठ्याचा ऋण टोकाचा जोड मात्र सामाईक असावा. बहुतेक सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर मिळतात.

संगणकाशी जोडणी

आर्डुइनोसारखा सूक्ष्मनियंत्रक सिम्युलेटरकडून आकडे घेतो आणि मोटरींना आज्ञा देतो. फ्लाइटगियर ही मुक्त प्रणाली असे आकडे जाळ्यावरून किंवा सिरियल जोडणीतून पाठवू शकते. येथे नवशिक्याकडून एक मूलभूत चूक होण्याचा संभव असतो. या प्रणालीत विमानाची खरी स्थिती व उपकरणाने दाखविलेली स्थिती हे दोन वेगळे आकडे असतात. फलक खऱ्या आकड्यांना जोडला, तर तो कधीच चुकत नाही; वेगमापनाची नळी बुजली तरी वेगदर्शक अचूक वेग सांगत राहतो. असा फलक दिसायला निर्दोष, परंतु शिकविण्याच्या दृष्टीने निरुपयोगी असतो. जोडणी उपकरणांच्या आकड्यांशीच करावी.

यापुढे जाऊन, पेटीच्या मागे शिक्षकासाठी एक 'बिघाड' कळ बसवावी. ती दाबताच मुख्य कृत्रिम क्षितिज आहे त्या स्थितीत गोठले पाहिजे. फलकाच्या कडेला लहान पर्यायी क्षितिज बसवून त्याचे आकडे स्वतंत्र मार्गाने आणावेत. दोन्ही एकाच मार्गावर असतील, तर दोन्ही एकदमच खोटे बोलतील. पडद्यावर रात्रीचा समुद्र ठेवून विद्यार्थ्याला चूक ओळखण्यास किती सेकंद लागले हे नोंदविता येते.

मर्यादा व निष्कर्ष

स्थिर पेटी शरीराला कोणतीही हालचाल देत नाही; अंतर्कर्णाकडून होणारी दिशाभूल तीत अनुभवता येत नाही. अशा प्रमाणित न केलेल्या साधनावरील तास वैमानिकाच्या परवान्यासाठी धरले जात नाहीत. म्हणून हा प्रकल्प वैमानिक प्रशिक्षण म्हणून मांडू नये. मोजमाप, मोजमापातील त्रुटी आणि परस्परपडताळणी यांचे प्रात्यक्षिक म्हणून मात्र त्याचे स्थान निश्चित आहे. विज्ञानाच्या कोणत्याही शाखेत विद्यार्थ्याला अखेर हेच शिकावयाचे असते की, काटा काय दाखवितो हे वाचणे ही पहिली पायरी असून, त्याच्यावर विश्वास का ठेवावा हे विचारणे ही दुसरी होय. १९७८ च्या त्या रात्री दुसऱ्या पायरीसाठी काही सेकंदच हाती होते. प्रयोगशाळेतील पेटीसमोर विद्यार्थ्याला ती पायरी पुन्हा पुन्हा चढून पाहता येते.