वखारीला जागा कुठे द्यावी?

1715च्या सुमारास कोल्हापूरच्या दरबारात रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिलं. शिवाजी महाराजांपासून राज्यकारभार पाहिलेला हा मुत्सद्दी त्यात किल्ले, आरमार, वृक्षतोड अशा नाना विषयांवर लिहितो. इंग्रज, फिरंगी (पोर्तुगीज), वलंदेज (डच) या टोपीकरांवरचा मजकूर मात्र थक्क करून सोडतो.

पंतांचा तर्क असा. हे लोक व्यापार करतात खरे, पण प्रत्येकाच्या पाठीशी त्यांचा राजा उभा आहे. त्याच्याच हुकमाने ते इथे येतात. मग राजाला मुलुखाचा लोभ नसेल, असं कसं होईल? बरं, संशय घेऊन पंत गप्प बसत नाहीत, ते थेट जमिनीच्या आखणीवर उतरतात. वखारीला जागा द्यावीच लागली, तर समुद्रकिनारी किंवा खाडीच्या तोंडाशी देऊ नये. राजापुरासारखी, आत, सखल भागात, वस्तीच्या शेजाराला द्यावी. पक्की इमारत बांधू देऊ नये. कारण त्यांचं सगळं बळ आरमारात आणि दारूगोळ्यात. किनारा मिळाला की तिथे किल्ला उभा राहिलाच म्हणून समजा.

परक्याच्या मनात काय आहे, हे कुणाला कळणार? पंत त्या फंदात पडतच नाहीत. त्याचं जहाज कुठवर येऊ शकतं, एवढंच ते पाहतात!

अनुभवही गाठीशी होता. 1660मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा दिला, तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज ‘व्यापारी’ आपलं निशाण लावून गडावर तोफा डागत होते. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापुरावर छापा घालून त्यांना कैदेत टाकलं.

दिल्लीचा हिशेब निराळा होता. 1717मध्ये बादशहा फर्रुखसियरने वर्षाला 3000 रुपयांच्या बदल्यात इंग्रजांना बंगालमध्ये जकातमाफ व्यापाराचं फर्मान दिलं. 1756मध्ये नवाब सिराजउद्दौला कलकत्त्यावर चालून गेला, त्याच्या तक्रारींत दोन ठळक होत्या: या सवलतीचा गैरवापर, आणि परवानगीवाचून वाढवलेली फोर्ट विल्यमची तटबंदी.

पण दिल्लीला हसण्याची सोय आपल्याला नाही. त्याच 1756मध्ये मराठी आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे यांचा काटा काढायला नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. विजयदुर्गाखाली मराठी आरमार जळालं, किल्ला इंग्रजांनी बळकावला आणि बाणकोट पदरात पडल्यावरच सोडला. त्या मोहिमेतल्या इंग्रज फौजेचा सरदार होता रॉबर्ट क्लाइव्ह. पुढच्या वर्षी तो प्लासीला होता.