घराची राखण आणि वाय-फायचा लपंडाव

लग्नसराईचे दिवस. सारे कुटुंब परगावी. खाली दुकान, वर घर, दोन्हींना कुलूप. रात्री घरातील ज्येष्ठ गृहस्थ मोबाइल उघडून घराकडे नजर टाकतात, तो मागच्या दाराच्या कॅमेऱ्याच्या जागी काळा चौकोन आणि ‘ऑफलाइन’ हा एकच शब्द. चोर शिरला की केवळ वाय-फाय तुटले, हे परगावाहून कळावे कसे? शेजाऱ्यास झोपेतून उठवणे आणि रात्रभर जिवाला घोर लागणे ओघाने आलेच.

हा प्रसंग अनेक व्यापारी कुटुंबांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी कॅमेराच बिघडला असे मानण्याची घाई होते. दोष मात्र पुष्कळदा कॅमेरा आणि राउटर यांमधील अदृश्य धाग्यात असतो.

रोजमेळ जुळला नाही तर जाणता मुनीम वही फाडत नाही. एकेक रक्कम पडताळतो. येथेही क्रम पाळावा. सर्व कॅमेरे बंद असतील तर वीज, राउटर अथवा इंटरनेट यांकडे पाहावे. कॅमेरे इन्व्हर्टरवर, पण राउटर मुख्य विजेवर अशी जोडणी असल्यास वीज जाताच परगावाहून दिसणारे चित्र थांबते. म्हणून राउटरलाही इन्व्हर्टरचा आधार हवा.

एकच कॅमेरा बंद असेल तर प्रथम त्याचा अडॅप्टर तपासावा. नंतर तो कॅमेरा काढून राउटरजवळ लावून पाहावा. तेथे तो सुरळीत चालला, तर दोष अंतराचा अथवा अडथळ्यांचा समजावा. रीसेटचे बटण अगदी शेवटी. त्याने जुनी सर्व मांडणी पुसली जाते.

नवा राउटर बसवल्यावर कॅमेरे मुके होतात, याचे कारण साधे आहे. त्यांना जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड ठाऊक असतो. नव्या राउटरला तेच नाव, तोच पासवर्ड आणि सुरक्षेचा तोच प्रकार दिला, तर ते सहसा आपोआप जोडले जातात. मात्र पासवर्ड सर्वांना माहीत झाला असेल, तर तो बदलून कॅमेरे नव्याने जोडण्याचे कष्ट घ्यावेत.

घरगुती कॅमेऱ्यांपैकी पुष्कळ केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात. ५ गिगाहर्ट्झचे जाळे त्यांना दिसतच नाही. ५ गिगाहर्ट्झचा वेग अधिक, पण भिंत ओलांडण्याची शक्ती कमी. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, दुकानाचे लोखंडी शटर, तिजोरी, पोलादी कपाट हे सारे लहरींना अडवतात. राउटर तिजोरीमागे वा कपाटात ठेवू नये. घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. तरीही पोच कमी पडल्यास रिपीटर लावावा. तो कॅमेऱ्याशेजारी नव्हे, तर जेथे लहरी अजून सशक्त आहेत अशा मधल्या जागी. बाजारपेठेत शेजारच्या राउटरांची दाटी असते. तेथे १, ६ आणि ११ या चॅनेलांपैकी कमी गर्दीचे निवडावे.

इतके करूनही बिनतारी यंत्रणेवर पूर्ण विसंबू नये. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असल्यास इंटरनेट गेले तरी चित्रण चालू राहते. तिजोरी आणि मुख्य दार यांसाठी तारेने जोडलेला कॅमेराच श्रेयस्कर. सामान्य नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि योग्य उपकरणे असल्यास वीजही तीतूनच नेता येते.

प्रवासास निघण्यापूर्वी दोन दिवस एक चाचणी घ्यावी. मोबाइलचे वाय-फाय बंद करून, रस्त्यावर उभे राहून प्रत्येक कॅमेरा पाहावा. मग घरातील कोणीतरी मुख्य वीज दहा मिनिटे बंद करावी आणि चित्र टिकते का, हे पडताळावे. कुलूप लावल्यावर ते ओढून पाहण्याची सवय आपल्या वडीलधाऱ्यांना होती. कॅमेऱ्याच्या कुलपालाही तोच नियम लागू आहे.